आंघोळीला सुट्टी देण्याआधी: गोव्याच्या दमट हवेत साबण कमी करायची रीत

गेल्या वर्षी माझ्या भाच्याने ऐन जूनमध्ये आंघोळ सोडली. मोबाईलवर कुठेतरी काहीतरी वाचलं होतं. "मामा, अंगावरचे जिवाणू म्हणजे आपल्या गावच्या राखणदारासारखे. साबण लावून आपणच त्यांना हाकलतो," असं त्याने मला डिचोलीच्या बसस्टँडवर उभ्या उभ्या समजावलं. म्हणणं खोटं नव्हतं. पण चवथीला घरी आला तेव्हा त्याला पाटावर मांडी घालून बसवेना. जांघेपासून कंबरेपर्यंत गजकर्ण पसरलेलं, आणि वरून औषधाच्या दुकानातून तोंडी मागून आणलेलं कसलंसं मलम चोपडलेलं. बरं व्हायला दिवाळी उलटली.

त्याच्यानंतर आणखी दोघांना मी असंच फसताना पाहिलं. एकीने साबण सोडून काखेत रोज लिंबू चोळायला घेतलं, दुसऱ्याने आठवडाभर पाण्याला हात लावला नाही आणि मग घाबरून जंतुनाशक साबणाने दिवसातून तीनदा अंग घासलं. तिघांचीही चूक क्रमाची होती. लोक आधी पाणी सोडतात, मग साबण, आणि अंग पुसायचं कसं हे तर कधी शिकलेलेच नसतात. गोव्यात हे बरोबर उलटं करावं लागतं. आधी पुसणं सुधारा, मग साबण आवरा. पाणी सोडायचंच असेल तर ते सगळ्यांत शेवटी, आणि तेही एखाद्या दिवसापुरतं.

आधी एवढं डोक्यात ठेवा

घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. अंगभर ज्या घामाच्या ग्रंथी आहेत त्यांतून येतं ते मुख्यतः खारट पाणी. काखेत आणि जांघेत मात्र आणखी एका प्रकारच्या ग्रंथी असतात, त्या वयात आल्यावर कामाला लागतात आणि त्यांचा स्राव दाट असतो. तो खाऊन जिवाणू जे बाहेर टाकतात, त्याचा वास आपल्याला येतो. काखेतल्या कांद्यासारख्या उग्र वासामागे स्टॅफिलोकॉकस होमिनिस नावाचा जिवाणू आहे, आणि त्याचं नेमकं कोणतं एन्झाइम हे काम करतं ते यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं. म्हणून सात-आठ वर्षांचं पोर दिवसभर मैदानात लोळून आलं तरी त्याच्या काखेला बापासारखा वास येत नाही.

बाकीची मंडळी बहुतेक निरुपद्रवी, काही तर उपयोगी. चेहरा आणि पाठीवरच्या तेलकट भागात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस राहतो, तो त्वचेच्या तेलाचे तुकडे करून आम्ल तयार करतो. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिसच्या काही जाती बाहेरच्या रोगजंतूंना रोखणारे पदार्थ बनवतात. या सगळ्यांना किंचित आंबट त्वचा मानवते. निरोगी त्वचेचा पीएच (आंबटपणाचं माप: ७ च्या खाली आंबट, वर अल्कधर्मी) साधारण ५ च्या आसपास असतो, आणि आपल्या नेहमीच्या साबणाचा ९ ते १०. साबण लावल्यावर त्वचा काही तासांत आपोआप मूळ पदावर येते, पण दिवसातून दोन-तीनदा लावला तर तिला ती सवड मिळत नाही.

आता अमेरिकेतला तो प्रसिद्ध माणूस. डेव्हिड व्हिटलॉक नावाच्या रसायन अभियंत्याने बारा वर्षं शॉवर घेतला नसल्याचं २०१४ मध्ये जगभर छापून आलं. सगळे तेवढंच वाचतात. तो अधूनमधून ओल्या फडक्याने अंग पुसत असे, आणि मातीत सापडणारे नायट्रोसोमोनास जातीचे जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून अंगावर फवारत असे, हे वाचायचं राहून जातं. नुसती आंघोळ सोडली म्हणून ते जिवाणू तुमच्या अंगावर चालत येणार नाहीत. शिवाय तो राहतो मॅसॅच्युसेट्समध्ये. वर्षाला सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस पडणाऱ्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरालासुद्धा बुरशी धरणाऱ्या आपल्या गावात त्याचं वेळापत्रक उचलून आणण्यात अर्थ नाही.

टप्पा १ : आपण यात बसतो का ते बघा

मधुमेह असेल, पायाला मुंग्या येत असतील, अंगावर उघडी जखम किंवा ताजं ऑपरेशन असेल, रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. चालू गजकर्ण, इसब, वारंवार होणारी केसतोडं असतील तर आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. इस्पितळात, हॉटेलच्या स्वयंपाकघरात किंवा मासळी कापायच्या कामावर असलेल्यांनी कामावरून आल्यावर नेहमीसारखी आंघोळ करावी.

हातांना यातून पूर्ण वगळायचं. जेवणापूर्वी, शौचानंतर, मासळी साफ केल्यावर, आजाऱ्याला हात लावल्यावर साबण आणि २० सेकंद. "हातावरचे जिवाणूही चांगलेच की," असं म्हणणारे मला भेटले आहेत. हातावर कायम राहणारे चांगले असतील, पण हगवणीचे जंतू हे पाहुणे असतात आणि ते साबण-पाण्याने निघून जातात. त्यांना ठेवून घेण्यात कसला आलाय पाहुणचार!

टप्पा २ : मुहूर्त

जून ते सप्टेंबर सुरुवात करू नका. एप्रिल-मेमध्येही नको, तेव्हा घामाचा पाट वाहत असतो आणि घामोळ्यांनी जीव नकोसा होतो. ऑक्टोबरचा उकाडा ओसरल्यावर, दिवाळीनंतर सुरू करा.

मी स्वतः नरकचतुर्दशी हा दिवस धरतो, कारण लक्षात राहतो. पहाटे नरकासुर जाळून यायचं, कारीट फोडायचं, तेल-उटणं लावून अभ्यंगस्नान करायचं. वर्षातली सर्वांत घासूनपुसून झालेली आंघोळ तीच. दुसऱ्या दिवसापासून मोजायला सुरुवात. पुढचे साडेतीन-चार महिने हवा त्यातल्या त्यात कोरडी असते आणि चूक झाली तरी अंग माफ करतं.

टप्पा ३ : तयारी (एक आठवडा आधी)

*पंचे.* जाड टर्किशचा टॉवेल कपाटात ठेवा, आपल्या हवेत तो संध्याकाळपर्यंत सुकत नाही. माणशी तीन सुती पंचे लागतील, त्यांतला एक फक्त पायांसाठी. त्याच्या कोपऱ्याला रंगीत दोऱ्याची गाठ मारा. घरात चार माणसं असतील तर चार रंग. एकाच पंच्याने घरातल्या सगळ्यांनी अंग पुसलं की एकाचं गजकर्ण सगळ्यांचं होतं.

*साबण.* वेष्टनावर काय लिहिलंय ते चष्मा लावून वाचा. "टॉयलेट सोप" आणि "बेदिंग बार" या दोन वेगळ्या वस्तू आहेत. टॉयलेट सोपच्या पहिल्या ग्रेडमध्ये टीएफएम, म्हणजे एकूण मेदद्रव्य, किमान ७६ टक्के असावं लागतं, दुसऱ्यात ७०, तिसऱ्यात ६०. बेदिंग बारला ४० टक्क्यांवरही भागतं. टीएफएम जास्त म्हणजे सहसा कमी कोरडा साबण, पण पीएच त्याचाही वरच. त्वचा फारच कोरडी पडत असेल तर ज्याच्या घटकांत सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट आहे अशी वडी घ्या. ती रूढ अर्थाने साबण नसतेच, आणि तिचा पीएच त्वचेच्या बराच जवळचा असतो. नावातलं "कोको" नारळातून आलंय. म्हणजे हेही आपलंच.

*जंतुनाशक साबण.* रोजच्या आंघोळीला नको. ट्रायक्लोसॅन, ट्रायक्लोकार्बन आणि आणखी १७ घटक असलेले घरगुती जंतुनाशक साबण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये बाजारातून काढायला लावले, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते सरस आहेत हे कंपन्यांना सिद्ध करता आलं नाही. घरात शिल्लक असेल तर फरशी पुसायला वापरा.

*कपडे.* अंगाशी लागणारं सगळं सुती हवं. पॉलिस्टरच्या टी-शर्टाला सुती बनियनपेक्षा जास्त घाण वास येतो हा तुमचा भास नव्हे. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाने २०१४ मध्ये व्यायाम करून आलेल्या लोकांचे टी-शर्ट तपासले. पॉलिस्टरवर मायक्रोकॉकस जातीचे वासाचे जिवाणू चांगले फोफावलेले दिसले. पुष्कळ लोक अंगाला दोष देतात आणि गुन्हेगार असतो शर्ट.

पडताळा: धुतलेला शर्ट नुसता हुंगून काही कळत नाही. काखेच्या शिवणीवर गरम इस्त्री फिरवा आणि मग हुंगा. वास उठला तर तो शर्ट गरम पाण्यात भिजवल्याशिवाय पुढच्या टप्प्याला जाऊ नका.

टप्पा ४ : अंगाचा नकाशा

सगळं अंग एकाच मापाने मोजल्याने घोटाळा होतो. आरशापुढे उभे राहा आणि तीन भाग करा.

पहिला, कोरडा प्रांत: हात, पोटऱ्या, मांड्यांचा बाहेरचा भाग, पोट. इथे रोज साबण लावायची गरज नाही. थंडीत पोटऱ्यांवर नखाने ओढलं की पांढरी रेघ उमटते ना, ती या साबणाचीच करणी.

दुसरा, तेलकट: चेहरा, छाती, पाठ, टाळू. इथे लोकांचा मोठा गैरसमज असतो की धुणं थांबवलं की तेल यायचंही हळूहळू थांबतं. तसं होत नाही. तेल किती सुटायचं ते शरीरातले हार्मोन ठरवतात, तुमचा साबण नव्हे. डोकं महिनाभर धुतलं नाही तर तेल तेवढंच येतं, फक्त साचतं, आणि मालासेझिया नावाच्या बुरशीची चंगळ होते. कोंडा तिचाच.

तिसरा, घड्या: कानामागची खाच, काखा, स्तनांखालची घडी, बेंबी, जांघा, ढुंगणाची फट, पायांच्या बोटांमधल्या जागा. बहुतेक वास आणि बरेच रोग या जागांतून सुरू होतात, आणि मिळून त्या अंगाचा छोटासाच भाग. साबणाला इथे सुट्टी नाही.

टप्पा ५ : आंघोळीचा क्रम

बादली आणि तांब्या धरून सांगतो. शॉवर असेल तरी क्रम तोच. साबण मात्र एकदम एवढ्यावर आणायचा नाही, तो आठवड्या-आठवड्याने कसा आवरायचा ते टप्पा ७ मध्ये.

१. पाणी कोमट. चुलीवरच्या भाणातलं कढत पाणी अंगावर घेतल्याचं सुख मला माहीत आहे, पण तेही त्वचेचं तेल ओरबाडून काढतं. मनगटाच्या आतल्या बाजूवर ओतून बघा. चटका नको, ऊबही फार नको.

२. डोकं धुवायचं असेल तर ते सर्वांत आधी. शाम्पू आणि कंडिशनर पाठीवरून ओघळतात, आणि ते तिथेच राहिले की पाठीवर पुटकुळ्या येतात. बहुतेक लोक डोकं शेवटी धुतात आणि मग पाठीला दोष देतात.

३. मग नुसत्या पाण्याने सगळं अंग, हाताने चोळत. घोसाळ्याची जाळी, काथ्या, प्लास्टिकचा फुगीर गोळा यांतलं काही नको. जाळी सतत ओली राहते आणि तिच्यात काय काय वाढतं ते विचारू नका. टाचांना वजरी चालेल, आठवड्यातून एकदा.

४. साबण हातावर फेसवा. वडी थेट अंगावर घासायची नाही, कारण मग ती जिथे जाते तिथे जाते. फेस फक्त घड्यांना, वरून खाली: कानामागे, काखा, बेंबी, जांघा, फट. पावलं आणि बोटांच्या खाचा शेवटी. स्त्रियांनी योनीच्या आत साबण किंवा कसलंही "वॉश" वापरू नये. तिथली आम्लता लॅक्टोबॅसिलस जिवाणू राखतात आणि ती बिघडली की त्रास वाढतो. बाहेरून पाणी पुरतं.

५. साबण धुऊन टाकायला, लावायला लागला त्याच्या दुप्पट वेळ द्या. काखेत साबण राहून लाल होणं ही जिवाणूंची नव्हे, आपल्या घाईची कृपा.

सगळं मिळून पाच-सात मिनिटं. बादलीतलं शेवटचं तांब्याभर पाणी पायांवर.

थांबा: काखेला लिंबू नको, खाण्याचा सोडाही नको. लिंबाचा रस अंगावर राहिला आणि ऊन लागलं की त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन्महिने जात नाहीत. सोडा तर साबणासारखाच अल्कधर्मी. तुरटी चालते: ओल्या काखेवर खडा एकदा फिरवायचा, मिनिटभर थांबायचं, धुवायचं. काखेतले केस नुकतेच काढले असतील किंवा तिथे कापलं असेल तर त्या दिवशी तीही नको.

टप्पा ६ : पुसणं

आता खरं काम. माझ्या भाच्याला डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो "आंघोळ करतोस का?" असा नव्हता. "जांघ पुसतोस का?" असा होता. तो गप्प. आपण बहुतेक जण केस पुसतो, पाठीवर पंचा आडवा ओढतो आणि ओल्या जांघेवर चड्डी चढवतो. तिथून पुढे बारा तास ती जागा म्हणजे झाकण ठेवलेला भाताचा टोप.

चेहऱ्यापासून सुरू करा. मग मान, कानामागे, काखा. काखेत पंचा दाबून पाच आकडे मोजा, घासू नका. स्तनांखालची घडी उचलून पुसा. मग पोट आणि बेंबी: पंचाचं टोक बोटावर गुंडाळून आत. मग जांघा, एका वेळी एक पाय पाटावर ठेवून, म्हणजे घडी उघडते. शेवटी फट. इथे पहिला पंचा संपला. दुसरा, गाठ मारलेला, पायांसाठी. बोटं एकेक करून फाकवा, विशेषतः करंगळी आणि तिच्या शेजारचं, कारण चिखल्या तिथूनच सुरू होतात. पायाचा पंचा परत वर न्यायचा नाही.

मग दोन मिनिटं पंख्याखाली उघडंच उभं राहायचं. घरात माणसं असतील तर कशी सोय करायची ते तुमचं तुम्ही बघा, पण ही दोन मिनिटं गाळू नका.

कपड्यांचा क्रमही सांगतो, ऐकून हसाल. पायाला बुरशी असेल तर आधी मोजे घाला, मग चड्डी. चड्डी पायांतून वर येताना बोटांमधली बुरशी जांघेत घेऊन जाते. जांघेचं गजकर्ण बरं होऊन पुन्हा पुन्हा येतं त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

पावडर? कोरड्या अंगावर चिमूटभर चालेल. ओल्या जांघेत पावडर घातली की तिचे कणकेसारखे गोळे होतात आणि दिवसभर तेच घासत राहतात.

खोबरेल? पोटऱ्यांना, हातांना जरूर लावा, अंग किंचित दमट असतानाच. भेगाळ टाचांना मुठेल (कोकमाचं तेल) उत्तम, रात्री. पण पाठीवर-छातीवर शिबं असतील तर तिथे तेल चोळू नका. शिबंही त्याच मालासेझियामुळे येतात, आणि ही बुरशी तेलातली मेदाम्लं खाऊनच जगते. खोबरेलातलं लॉरिक आम्ल तिला पचतं. आजीचं ऐकावं, पण इथे नाही.

पडताळा: पुसून झाल्यावर टिश्यू पेपरचा कपटा करंगळीच्या खाचेत आणि जांघेत दाबा. ओला झाला तर पुसणं झालेलं नाही. पहिला आठवडा रोज असं करा, पुढे हातालाच कळतं.

टप्पा ७ : चार आठवडे

पहिला आठवडा साबण जसा चालू आहे तसा राहू द्या. फक्त पुसणं बदला. दुसऱ्या आठवड्यात कोरड्या प्रांताचा साबण बंद. तिसऱ्यात छाती-पाठीचा एक दिवसाआड. चौथ्यात दिवसातून दोनदा साबण लावणाऱ्यांनी संध्याकाळचा बंद करायचा, नुसतं पाणी घ्यायचं.

"आधी घाण वास येतो, मग शरीर स्थिरावतं" असं सगळे सांगतात. माझ्या अनुभवात या क्रमाने गेलं तर वासाचा टप्पा येतच नाही, कारण घड्यांना साबण चालूच असतो. वास आला तर तो आधी शर्टात शोधा, मग काखेत. आणि स्वतःच्या नाकावर विसंबू नका, त्याला आपल्या वासाची सवय झालेली असते. घरातल्या स्पष्टवक्त्या माणसाला विचारा. आमच्याकडे हे खातं बायकोकडे आहे.

पडताळा, दर रविवारी: मान, कानामागे, बेंबीभोवती तपकिरी मळकट थर किंवा खवले दिसतात का? आधी साबण-पाण्याने हलकं चोळा. निघाला तर तो साचलेला मळ आणि मृत पेशी आहेत, रोग नव्हे, पण तुम्ही त्या जागेला जरा जास्तच सुट्टी दिलीत. निघाला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

टप्पा ८ : पारोसा दिवस

एखादा दिवस आंघोळ पूर्ण चुकवायची असेल, तर थंडीतला, घरीच असण्याचा, घाम न आलेला दिवस निवडा. आठवड्यातून एक, फार तर दोन.

त्या दिवशीही घड्या सुटत नाहीत. ओला पिळलेला पंचा, काखा, जांघा, पावलं, मग कोरडा पंचा. चड्डी-बनियन बदलायचं. तीन मिनिटांचं काम आहे, पण लोक नेमकं हेच गाळतात आणि कालचीच चड्डी चढवून "मी प्रयोग करतोय" म्हणतात.

घरच्यांचं काय, हा खरा प्रश्न. पारोशाने देवघरात जायचं नाही, पारोशाने चूल पेटवायची नाही, हे आपल्या घरांतून अजून आहे आणि त्याच्याशी भांडून प्रयोग यशस्वी होत नाही. माझी तोड साधी आहे: देवाला पाणी लागतं, साबण नव्हे. दोन तांबे डोक्यावरून घेतले की सोवळ्याचं समाधान होतं, जिवाणूंनाही धक्का लागत नाही. आजीच्या आजीने तरी सुगंधी वडी कुठे बघितली होती?

टप्पा ९ : जून आला की

थंडीत जमवलेली घडी पावसाळ्यात तशीच चालत नाही. पारोसा दिवस बंद. दिवसातून दोनदा पाणी, साबण एकदा आणि घड्यांपुरता. पंख्याखालची दोन मिनिटं आता पाच करा.

कपडे हे या चार महिन्यांतलं मोठं दुखणं. दोन दिवस दोरीवर लोंबूनही न सुकलेल्या कपड्यांना येणारा तो कुबट वास मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाच्या जिवाणूचा असतो. सुगंधी द्रावण ओतल्याने तो नुसता झाकला जातो. कडकडीत पाण्यात भिजवा, पंख्याखाली सुकवा, आणि चड्डी, मोजे, पंचे यांना इस्त्री करा. हो, चड्डीलाही. ओलसर चड्डी घालण्यापेक्षा इस्त्रीचं वीजबिल स्वस्त.

रबरी बूट किंवा बंद बूट घालून दिवसभर राहणाऱ्यांनी तळवे बघावेत. टाचेवर सुई टोचल्यासारखे बारीक खड्डे आणि कुजका वास असेल तर ते जिवाणूंचं काम आहे, नुसत्या धुण्याने जात नाही. बूट दोन जोड ठेवा, एक दिवसाआड घाला.

आणि चिखल. माशेलच्या चिखलकाल्यात लोळून आलात, सांजांवला (सेंट जॉनच्या सणाला) कुणाच्या विहिरीत उडी मारलीत, शेतात लावणीला उतरलात किंवा तुंबलेल्या रस्त्यावरून चालत आलात, तर त्या दिवशी जिवाणूंचे लाड बंद. घरी आल्या आल्या पायांपासून डोक्यापर्यंत साबण. अशा पाण्यात उंदरांचं मूत असू शकतं आणि त्यातले लेप्टोस्पायराचे जंतू पायाच्या खरचटण्यातून आत शिरतात. धुतलं म्हणजे सुटलो असंही नाही. पुढच्या दोन-चार आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना "मी चिखलात होतो" हे आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

समुद्राचं उलट. मिरामारला डुंबून आलात तर गोडं पाणी भरपूर, साबण घड्यांनाच. मीठ मात्र राहता कामा नये, जांघा सोलवटतात.

टप्पा १० : कधी सोडून द्यायचं आणि डॉक्टरांकडे काय न्यायचं

कडा उचललेलं, मध्ये निवळलेलं गोल चकंदळ. जांघेत खाज सुटून रात्री झोपमोड. बोटांच्या खाचा पांढऱ्या पडून चिराळणं. पू धरलेलं केसतोड, त्याच्याभोवती पसरणारी लाली. घरातल्या दोघातिघांना एकदम, रात्रीच जास्त खाज: ही खरूज असू शकते, ती किड्याने होते आणि तिचा आंघोळीशी संबंध नाही, सगळ्या घराला एकाच दिवशी औषध लागतं. यांतलं काहीही दिसलं की प्रयोग बंद.

औषधाच्या दुकानात जाऊन "खाजेचं काहीतरी द्या" म्हणू नका. तिथे मिळणारी तिहेरी-चौहेरी, म्हणजे तीन-चार औषधं एकत्र केलेली मलमं बहुतेकदा स्टेरॉइडची असतात. खाज दोन दिवसांत थांबते, लाली फिकी होते, माणूस खूश. बुरशी मात्र आतून पसरत राहते, आणि जांघेची त्वचा पातळ होऊन तिच्यावर कायमच्या रेघा उमटतात. देशभर गजकर्ण चिवट होण्यामागे ही मलमं एक मोठं कारण आहे. २०१८ पासून अशा अनेक स्टेरॉइड मलमांना डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची झाली, तरी मागितली की मिळतात. भाच्यालाही मिळालंच की.

जायच्या दिवशी त्या जागेवर काही लावू नका, तेलसुद्धा नाही. डॉक्टर चट्ट्याची कड खरवडून ती काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघू शकतात, आणि वर मलमाचा थर असला की बुरशी सापडणं अवघड होतं. आधी काय काय लावलं ते लपवू नका. भाच्याने ट्यूब लाजून गटारात टाकली होती आणि नाव आठवेना, त्यामुळे डॉक्टरांना अंदाजाने चालावं लागलं. रिकामी झाली असली तरी ट्यूब पिशवीत घालून न्या, आणि पायाचा तो गाठ मारलेला पंचा त्या दिवसापासून वेगळ्या बादलीत धुवा.